जंगलातले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला कुणी डॉक्टरीणबाई, कुणी शिक्षिकाबाई बोलावयास येतात आणि आपण त्यांच्याकडून चार गोष्टी शिकून जातो. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी म्हटले, "बाई, मी काय सांगणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही अकरा वर्षे जंगलात घर केलेत, ते सांगा." तेवढे मात्र मला सांगता येईल, कारण ते पुस्तकात वाचलेले नाही, माझ्या हातांखालून गेलेले आहे.

आमचे हे वनरक्षक. आपल्याकडे त्यांना नाकेदार म्हणतात. २००४ पासून २०१५ पर्यंत ह्यांची नेमणूक मेळघाटात होती. आपल्या परतवाड्याहून घाट चढला की मेळघाट सुरू होतो, तेव्हा तुम्हाला तो परका नाही. पुष्कळजणी चिखलदऱ्याला जाऊन आल्या असतील. परंतु एक दिवस सहलीला जाणे वेगळे आणि तिथे चूल मांडणे वेगळे. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ ठिकाणांत मेळघाट होता. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार अशा पाच नद्या त्या डोंगरांतून वाहतात आणि तापीला जाऊन मिळतात. सगळीकडे साग आणि बांबू. कोरकू लोकांच्या भाषेत सागालाच सिपना म्हणतात.

आमचे घर म्हणजे दोन खोल्यांची कुटी. बांबूच्या तट्ट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौले, पुढे ओटा. वीज नव्हती. एक सौर दिवा होता, तो पावसाळ्यात आठ-आठ दिवस रुसून बसे, मग कंदील. कोरकूंची पंधरा-वीस घरे नाल्यापलीकडे. मोबाईल लागत नसे. रात्री रेडिओवर नागपूर केंद्र लागले म्हणजे जगात माणसे आहेत असे वाटे.

तिथून आल्यापासून मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "वाघ पाहिला का?" आणि दुसरा, "भीती नाही वाटली?" पहिल्याचे उत्तर असे की अकरा वर्षांत वाघ मला तीनदा दिसला, तोही पाठमोरा. त्याच्या पंजाचे ठसे मात्र पाणवाटेवर किती वेळा पाहिले त्याचा हिशेब नाही. कोरकू लोक वाघाला कुला मामा म्हणतात. कुला म्हणजे वाघ. मामा म्हटले म्हणजे नाते आले, आणि नाते आले म्हणजे एकमेकांची मर्यादा राखणे आले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा लांब आहे. आजचे माझे बोलणे तेच आहे.

भगिनींनो, भीती वाटली. परंतु पहिल्या वर्षातच मला कळून चुकले की जंगलात राहावयास धैर्य थोडे पुरते, शिस्त मात्र फार लागते. आणि ती शिस्त बंदुकीची नव्हे, घर चालवणाऱ्या बाईची. झाडणे, सारवणे, झाकणे, उचलून ठेवणे, वेळ पाळणे. आपण जे रोज करतो आणि ज्याला कुणी काम म्हणत नाही, तेच तिथे घराचा कोट असते.

आता सापाचेच पाहा. साप घरात माणसासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. उंदीर येतो दाण्यासाठी. म्हणजे सापाला आमंत्रण देणारा कोण, तर जमिनीवर सांडलेला दाणा. म्हणून जात्याभोवती सांडलेले पीठ आणि सुपातून उडालेला कोंडा मी दिवस मावळण्यापूर्वी झाडून टाकत असे. धान्य कणगीत, आणि कणगीचे तोंड शेणामातीने लिंपलेले. सरपण घराच्या भिंतीला टेकून कधी रचायचे नाही, दहा पावले दूर रचायचे, आणि काढताना आधी काठीने हलवायचे, मग हात घालायचा. कोंबड्यांचा खुराडाही दूर, कारण अंड्यांसाठी साप आणि पिलांसाठी रानमांजर येते. कुडाला भोक पडले तर ते त्याच दिवशी बुजवायचे. रात्र त्यावरून जाऊ द्यायची नाही. चपला घालण्यापूर्वी झटकायच्या, अंथरूण घालण्यापूर्वी झटकायचे.

आणि मच्छरदाणी. ही गोष्ट मी जरा आवाज वाढवून सांगते, कारण ती इथेही उपयोगी आहे. मण्यार साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो आणि पुष्कळदा चावलेले कळतही नाही, इतके थोडे दुखते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलता येत नाही, आणि घरचे म्हणतात काहीतरी बाधले. म्हणून झोपावे खाटेवर, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचून. खोचलेली मच्छरदाणी डासही अडवते आणि सापही अडवते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मोठे विषारी साप. ह्या चौघांच्या विषावर चालणारे एकच औषध सरकारी दवाखान्यात मिळते. साप चावला तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला हलू देऊ नये आणि थेट दवाखान्यात न्यावे. आमच्या नाल्यापलीकडे हे पटवून द्यावयास मला तीन पावसाळे लागले. परंतु पटल्यावर त्याच बायका दुसऱ्या गावी जाऊन सांगू लागल्या.

पाण्याचीही शिस्त होती. उन्हाळ्यात नाला आटे, मग नाल्याच्या वाळूत झिरा खणायचा. वाटी-वाटीने पाणी गाळून घडा भरावयास अर्धा तास लागे. ज्या पाण्यावर आपण, त्याच पाण्यावर रानगवा, सांबर, अस्वल. मग वाटणी कशी? वाटणी वेळेची. सूर्य चांगला वर आल्यापासून तो कलेपर्यंत पाणी माणसांचे. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत त्यांचे. ही वाटणी कुणी लिहून ठेवलेली नव्हती, परंतु कोरकू बायका ती कटाक्षाने पाळत. पाण्याला जाताना त्या मोठ्याने बोलत, हसत, घड्यावर कडे वाजवत. प्रथम मला वाटे, ह्यांना गप्पांची फार हौस. नंतर समजले की ती हौस नव्हे, ती सूचना होती. आम्ही येत आहोत, बाजूला व्हा, एवढेच ते सांगणे.

जंगलातला आवाज ऐकावयास मी त्यांच्याकडूनच शिकले. वानर झाडावरून खाकरल्यासारखे ओरडू लागले की खाली बिबट किंवा वाघ असण्याचा संभव. परंतु वानर कधीकधी उगीचही ओरडते. सांबर मात्र उगीच ओरडत नाही. रात्री सांबराचा 'पोंक' असा आवाज आला की मी मुलीला कुशीत ओढून घेई आणि दाराचा अडणा पुन्हा एकदा हाताने चाचपून पाही. हे तेव्हा बहुधा गस्तीवर असत. दार बंद, दिवा बारीक, आणि बाहेर कोण कुठून कुठे चालले आहे हे कानांनी कळते आहे, अशा पुष्कळ रात्री गेल्या. आणि खरे सांगते, काही दिवसांनी त्या आवाजांची सोबतच वाटू लागली. ते आवाज येत आहेत म्हणजे रान जागे आहे, आणि सगळे आपापल्या जागी आहे.

सुंदर काय होते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्या बाईला नुसते साप आणि अस्वलच दिसले. माघ-फाल्गुनात पळस फुलला की डोंगराला कुंकू फासल्यासारखे दिसे. पहिल्या पावसानंतर काजव्यांनी एखादे झाड असे भरून जाई की दिवाळीची आरास फिकी पडावी. आमच्या घरामागच्या सागावर एक रानपिंगळा दिवसाढवळ्या बसत असे. ह्या पक्ष्याची मोठी गोष्ट आहे. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे तो कुणाला सापडला नव्हता, जगातून नाहीसा झाला असे समजत होते. १९९७ साली तो आपल्या महाराष्ट्रात शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही सापडला. ह्यांनी मला ते सांगितले तेव्हा मी त्या पिंगळ्याकडे निराळ्याच नजरेने पाहू लागले. घुबडाच्या जातीचा म्हणून आपण ज्याला अशुभ म्हणतो, त्याला पाहण्यासाठी लोक दूरदेशाहून येतात. आणि बुद्धपौर्णिमेची रात्र! त्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून वनखात्याची माणसे जनावरे मोजतात. एकदा मी ह्यांना डबा द्यावयास दुपारीच गेले आणि उशीर नको म्हणून तिथेच थांबले. चांदणे पडल्यावर नऊ रानगवे पाण्यावर आले. एवढी थोरली जनावरे, परंतु पाणी पिताना आवाज नाही, घाई नाही, रेटारेटी नाही. आपल्या नळावर हे दृश्य कधी दिसेल, असे तेव्हा माझ्या मनात आले!

परंतु भगिनींनो, जंगल सुंदर आहे म्हणून तिथले जगणे सोपे नाही, आणि त्याचा भार सर्वांत जास्त बाईवर पडतो. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता तुटे. ज्येष्ठातच चार महिन्यांचे तांदूळ, डाळ, मीठ, घासलेट, काड्यापेट्या भरून ठेवाव्या लागत. माझी मुलगी तीन वर्षांची असताना श्रावणात तिला ताप भरला. नाला दुथडी भरलेला. दोन रात्री मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. तिसऱ्या सकाळी पाणी गुडघ्यापर्यंत उतरले, तेव्हा ह्यांनी तिला खांद्यावर घेतले, पुढे एक कोरकू गडी काठीने तळ चाचपत चालला, मागे मी. मलेरिया निघाला. औषधाने ती बरी झाली. परंतु त्या दोन रात्री मी विसरलेले नाही.

आणि दुसरी गोष्ट माझ्या शेजारणीची. नाव सांगत नाही. चैत्राच्या तोंडाशी मोहाची फुले गळतात. रात्रभर टपटप पडतात आणि पहाटे झाडाखाली पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा सडा असतो. कोरकू घरात मोह म्हणजे वर्षाचे मीठ-तेल, पोरांचे कपडे, आजारपणाचा पैसा. हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. ऊन चढले की फुले सुकतात, गुरे खातात, म्हणून बायका अंधारातच निघतात. आणि अस्वलालाही मोह आवडतो. त्याला दिसते कमी, वासाने चालते, आणि खाण्यात मान घालून असते. अचानक माणूस जवळ आले की घाबरून तेच अंगावर येते. माझी शेजारीण त्या दिवशी एकटीच गेली, कारण तिच्या जावेचे मूल आजारी होते. अस्वलाने तिच्या डोक्याची कातडी सोलली आणि एक डोळा गेला. खाटेवर घालून तिला चार माणसांनी रस्त्यापर्यंत नेले, तिथून जीपने दवाखान्यात. बाई जगली. सरकारकडून नुकसानभरपाईही मिळाली.

पुढच्या वर्षी चैत्रात ती पुन्हा मोहाला निघाली. मी म्हटले, "बाई, अजून जखम ओली आहे, कशाला जातेस?" ती म्हणाली, "वहिनी, अस्वलालाही पोट आहे, मलाही आहे." ह्यावर मी काय बोलणार? ज्या बाईचा डोळा गेला तिच्या तोंडून अस्वलाला शिवी निघाली नाही. परंतु तिने एक केले. सगळ्या बायकांना जमवून नेम घालून दिला. एकटीने जायचे नाही, चौघींनी मिळून जायचे. तांबडे फुटून झाडाचे बूड स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचे. दुरून टाळ्या वाजवायच्या, मगच झाडाखाली जायचे. आणि आणखी एक. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची रीत होती. त्याचा विस्तव पसरून रानाला वणवा लागे आणि आमचे हे व वनमजूर जाळरेषेवर रात्र-रात्र झोडपत असत. ह्या बायकांनी पाला जाळण्याऐवजी खराट्याने झाडावयास सुरुवात केली. झाडलोटीने वणवा टळला! तिथे असेपर्यंत त्या गावातल्या दुसऱ्या कुणा बाईला अस्वलाने धरल्याचे मी ऐकले नाही. हा नेम कुणा साहेबाने काढलेला नव्हता. तो एका डोळ्याच्या, अक्षरशत्रू बाईने काढलेला होता.

मुलीची चौथी झाली, पुढच्या शाळेसाठी खाली येणे भाग पडले, आणि ह्यांचीही बदली झाली. आता आपण गावात राहतो, तर ह्या गोष्टींचा इथे काय उपयोग, असे कुणी विचारील. तर सांगते.

हल्ली गावाच्या कडेला बिबट्या दिसला अशी बातमी वरचेवर येते. बातमी आली की आपण म्हणतो, जंगलातले जनावर गावात घुसले. परंतु ते कशासाठी येते? बिबट्याला कुत्री आणि डुकरे फार आवडतात. कुत्री आणि डुकरे उकिरड्यावर जमतात. आणि उकिरडा कोण घालते? शिळे अन्न, मासळीचे काटे, लग्नातल्या पत्रावळी आपण कोपऱ्यावर टाकतो. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात विद्या अत्रेय ह्या बाईंनी उसाच्या शेतांत राहणाऱ्या बिबट्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. मी पुस्तके वाचलेली नाहीत, परंतु हे ऐकले तेव्हा मला सांडलेला दाणा, उंदीर आणि साप ह्यांचीच गोष्ट आठवली. तिथे दाणा, इथे उकिरडा, एवढाच फरक.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. आपण हळदीकुंकू करतो, भिशी करतो, भजन करतो. त्याबरोबर आपापल्या गल्लीपुरते चार नेम करावेत. उरलेले अन्न उघड्यावर टाकायचे नाही, गुराला घालावे किंवा खड्ड्यात पुरावे. अंगणात आणि शौचाच्या वाटेवर दिवा ठेवायचा. संध्याकाळनंतर लहान मुलाला एकटे परसात सोडायचे नाही. शेळ्या-वासरे रात्री बंद गोठ्यात बांधायची. आणि बिबट्या दिसलाच तर पोरे गोळा करून त्याच्या मागे धावू द्यायचे नाही. वाट मोकळी ठेवायची आणि वनखात्याला कळवायचे. वेढा पडलेले जनावर अंगावर येते, वाट मिळालेले निघून जाते. तशीच वानरांना केळी-पोळी घालण्याची हौस. पुण्य म्हणून आपण घालतो, परंतु ज्या वानराला आज आपण हातातून खाऊ घालतो ते उद्या आपल्याच मुलाच्या हातातून ओढून घेते. त्याला त्याचे रान पुरते, ते रान राहू दिले म्हणजे पुण्य झाले.

आजकाल शहरातले लोक पैसे मोजून जंगलातल्या कुटीत दोन दिवस राहावयास जातात. माझी मुलगी मोबाईलवर मला ती चित्रे दाखवते. पांढरे पडदे, झोपाळा, समोर डोंगर. जरूर जावे, मनाला बरे वाटते. आपल्या मंडळाची सहल नेली तर मीही येईन. परंतु गेल्यावर एवढे ध्यानात असावे, की ते घर आपले असले तरी आवार दुसऱ्याचे आहे. आवाजाचा गोंगाट, मोठे दिवे, टाकलेली पुडकी हे पाहुण्याला शोभत नाही. आणि तिथे ओझे घेऊन चाललेली कोरकू बाई भेटली तर तिचा फोटो काढण्याआधी तिला दोन शब्द विचारावेत. त्या रानात कसे राहायचे हे तिच्याइतके कुणाला ठाऊक नाही. मला जे थोडे कळले ते तिनेच शिकवले.